ड्युटी संपल्यानंतरची परीक्षा

समजा, भुईगावात एक मुलगी राहते. वय चोवीस, बीएएमएसची इंटर्नशिप नुकतीच आटोपलेली. घरामागे केळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्याही पलीकडे समुद्र. तिच्यासमोर दोन कामं आहेत. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ बसायचं आणि पाच-सहा वर्षांनी स्वतःची पाटी लावायची, हे एक. दुसरं, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं. पगाराचा हिशेब करून झाला, जाण्यायेण्याचा झाला, रात्रपाळीवरून घरात दोनदा वादही झाला. एकच प्रश्न उरला आहे आणि तो नेमका कोणाला विचारायचा हे तिला सुचत नाही. मला हे झेपेल का?

तिच्या या ओढीमागे एक जुना रविवार आहे. ती आठवीत असताना किनाऱ्यावर फिरायला आलेला एक मुलगा पाण्यात ओढला गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं. भोवती शंभरएक माणसं जमली. कोणी तळपाय चोळत होतं, कोणी पोट दाबून पाणी काढत होतं, कोणी मोबाइल वर धरून उभं होतं. काय करायचं हे त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं. आपण हे शिकायचं, असं तिने तेव्हाच मनाशी ठरवलं. पण तो रविवार अजूनही अधूनमधून रात्री परत येतो. मग तिला वाटतं, जिला एक प्रसंग दहा वर्षं सोडत नाही, तिने रोज असे प्रसंग बघण्याची नोकरी धरावी का?

ही मुलगी कल्पनेतली आहे. तिचा प्रश्न मात्र राज्यातल्या कितीतरी तरुण डॉक्टरांचा, परिचारिकांचा आणि तंत्रज्ञांचा आहे. महाराष्ट्रात १०८ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक यंत्रणा असलेल्या आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या. राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून लावलेला फोन पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण कक्षात वाजतो आणि तिथून जवळची गाडी निघते. आंध्र प्रदेशात २००५ मध्ये १०८ची सुरुवात झाली तेव्हा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ होता. महाराष्ट्राने गाडीवर डॉक्टर बसवला. हे डॉक्टर बहुतांशी बीएएमएससारखी पदवी घेतलेले, वयाने तरुण आणि अनेकदा पहिल्याच नोकरीवर आलेले असतात. नाडी कशी बघायची, श्वासनलिकेत नळी कशी घालायची, हे त्यांना शिकवलं जातं. मनाचं काय, हे ज्याचं त्याने बघायचं असा रिवाज आहे.

रक्ताने घेरी येणं

‘तुला रक्त बघवतं का?’ आपत्कालीन सेवेत जायचं म्हटलं की घरचे पहिला प्रश्न हा विचारतात. खरं तर हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे.

रक्त किंवा जखम पाहून घेरी येणं हा भित्रेपणा नव्हे. इतर कुठल्याही भीतीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. रक्ताच्या भीतीत मात्र आधी थोडे वाढून मग झपकन खाली येतात, मेंदूला रक्त कमी पोहोचतं आणि माणूस कोसळतो. शंभरात तीन-चार जणांना हा त्रास कधी ना कधी होतो. शवविच्छेदनाच्या पहिल्या तासाला किंवा पहिल्या शस्त्रक्रियेला भिंतीला टेकून खाली बसलेले विद्यार्थी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असतात, आणि त्यांतले काही पुढे चांगले शल्यचिकित्सकही होतात. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावर एक साधी युक्ती तपासून पाहिली. घेरीची चाहूल लागताच हात, पाय आणि धडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सैल सोडायचे, थोडं थांबून पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब टिकून राहतो. थोड्या सरावाने बहुतेकांची घेरी थांबते. तेव्हा या एका कारणावरून कोणी आपला रस्ता बदलू नये.

शिवाय, १०८ची गाडी म्हणजे सतत अपघात आणि रक्त हे चित्रच अपुरं आहे. या सेवेकडे येणाऱ्या फोनमध्ये सर्वांत मोठा वाटा आजारपणाचा असतो: छातीत दुखणं, दम लागणं, ताप, झटका. त्याखालोखाल बाळंतपण. अपघात त्यांच्या मानाने कमी. पालघर जिल्ह्यात तर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं आणि गाडी तिथे वाट पाहत उभी असते. कधी बाळ गाडीतच जन्मतं. या कामात आनंदाचेही प्रसंग असतात, हे निर्णय घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. तसंच कंटाळ्याबद्दलही कोणी बोलत नाही. तासन् तास काहीच न घडणं, मग एकदम धावपळ, मग पुन्हा काही नाही. ज्याला सतत थरार हवा आहे तो इथे लवकर कंटाळतो.

दहातले नऊ

मन तयार आहे का हे ओळखायचं असेल, तर आधी आपण अपयश किती वेळा बघणार आहोत याचा अंदाज हवा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका बसून पाहिल्या आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णांचं त्यांत पुढे काय होतं ते मोजलं. चारांतले तीन रुग्ण पडद्यावर तिथल्या तिथे जिवंत होत होते आणि दोनतृतीयांश बरे होऊन घरी जात होते. खऱ्या आयुष्यात, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलं तर उत्तम सेवा असलेल्या देशांतही दहांतला साधारण एक माणूस घरी परततो. दर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची, कधी हाताखाली बरगडी मोडल्याचा आवाज ऐकायचा, सगळं नियमाप्रमाणे करायचं आणि तरीही दहांपैकी नऊ वेळा घामाने भिजलेल्या अवस्थेत थांबायचं. ज्याची झोप निकालावर अवलंबून आहे, त्याला हे गणित सोसत नाही. ‘मी जे करायला हवं होतं ते केलं’ एवढ्यावर ज्याला पाठ टेकता येते, तो टिकतो. शाळेपासून गुणांवर स्वतःची किंमत ठरवत आलेल्या हुशार मुलांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते, हे त्यांच्या पालकांनी लक्षात घेतलेलं बरं.

अपयशाहून कठीण असते ती असहायता. भुईगावच्या मुलीला याची कल्पना थोडीफार असणार, कारण तिचा तालुकाच तसा आहे. साधं दुखणं असेल तर बंगलीचं कार्डिनल ग्रेशस किंवा वसईचं पेटिट रुग्णालय गाठता येतं. पण डोक्याला मोठा मार लागला, नवजात बाळ अत्यवस्थ झालं, की ‘मुंबईला न्या’ हा सल्ला ठरलेला. मुंबईला न्यायचं म्हणजे महामार्गावर यायचं आणि खाडी ओलांडायची. २०२५च्या पावसाळ्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत रुग्ण दगावल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. वाचणाऱ्याने पान उलटलं. त्या गाडीत मागच्या बाजूला जो कोणी आरोग्य कर्मचारी बसलेला असतो, त्याला ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा काटा खाली येताना बघत बसावं लागतं. सायरन चालू असतो आणि पुढचा ट्रक हलत नाही. कायद्याने ‘सोनेरी तास’ म्हणजे गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास मोटार वाहन कायद्यात लिहून ठेवला आहे. तो तास इथे पुलाच्या अलीकडेच संपतो.

जोनाथन शे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना एक गोष्ट टिपली होती. अनेकांना भीतीपेक्षा जास्त छळत होती ती ‘जे व्हायला नको होतं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी ते थांबवू शकलो नाही’ ही भावना. याला आता नैतिक घाव म्हणतात, आणि करोनाच्या साथीत खाटा आणि ऑक्सिजन अपुरे पडले तेव्हा हा शब्द रुग्णालयांतही वापरला जाऊ लागला. हा घाव मनाच्या दुबळेपणातून होत नाही. उलट ज्याला कामाची चाड आहे त्यालाच तो होतो. म्हणून रुजू होण्याआधी स्वतःला एक रोखठोक प्रश्न विचारावा लागतो. रस्ता, खाटा, यंत्रं, माणसं यांतलं काहीच माझ्या हातात नसताना, जे थोडं माझ्या हातात आहे तेवढंच नीट करून मला घरी जाता येईल का?

त्यातच नातेवाइकांचा राग. ‘डॉक्टर, काहीतरी करा हो!’ पासून ‘तुम्ही उशिरा आलात म्हणूनच’ इथपर्यंतचं अंतर दोन मिनिटांत कापलं जातं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०पासून स्वतंत्र कायदा आहे, पण रात्री दोन वाजता वस्तीत गाडीभोवती जमलेल्या घोळक्यापुढे कायद्याचं पुस्तक उघडता येत नाही. हा राग खरं तर दुःखाचा आहे आणि आपण फक्त समोर सापडलो, हे ज्याला त्या क्षणी आठवतं, त्याचं निम्मं काम सोपं होतं. ज्याला ते उलट उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, त्याने आधी दवाखान्याचाच विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही.

रवंथ

मग कोण टिकतो हे आधी ओळखता येतं का? मुलाखतीत चार प्रश्न विचारून ते कळतं असा अनेक संस्थांचा समज आहे. जेनिफर वाइल्ड आणि अंके एलर्स यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने हा समज तपासला. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेवर नव्याने भरती झालेल्या प्रशिक्षणार्थींची त्यांनी सुरुवातीलाच सविस्तर पाहणी केली आणि पुढे दोन वर्षं ठरावीक अंतराने त्यांची विचारपूस केली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या ३८६ जणांपैकी सुमारे ८ टक्क्यांना या काळात आघातानंतरचा तणावविकार झाला आणि साधारण १० ते ११ टक्क्यांना नैराश्य. म्हणजे बहुसंख्य लोक भयंकर गोष्टी पाहूनही आजारी पडले नाहीत. ही बातमी दिलासा देणारी आहे आणि ती फार कमी सांगितली जाते.

आजारी पडले त्यांच्यात सुरुवातीला काय वेगळं होतं? जुने कटू प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहण्याची सवय हा तणावविकाराचा भक्कम पूर्वसंकेत निघाला. ‘काही झालं तरी मी सावरेन’ हा स्वतःवरचा भरवसा ज्यांच्यात कमी होता, त्यांच्याकडे नैराश्य जास्त वळलं. आधी मानसिक आजार होऊन गेलेल्यांनाही धोका अधिक होता.

मानसशास्त्रात या घोळवण्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रवंथ. गाय दुपारी गोठ्यात बसून सकाळचा चारा पुन्हा तोंडात आणते, तसं मन झालेला प्रसंग परत परत वर आणतं. गाईला त्यातून पोषण मिळतं. मनाला मिळत नाही. इथे एक फरक मात्र बारकाईने बघायला हवा, कारण प्रसंगाचा विचार करणंच वाईट असं कोणी म्हटलेलं नाही. ‘नळी घालायला मला चाळीस सेकंद लागले, कारण सक्शन हाताशी नव्हतं, उद्या ड्युटीच्या सुरुवातीलाच ते तपासायचं’ हा विचार पुढे जातो आणि थांबतो. ‘माझ्याच वेळी असं का होतं? मी अशी का आहे? ते मूल का गेलं?’ हे विचार गोल फिरतात. एडवर्ड वॉटकिन्स या इंग्लंडमधल्या संशोधकाने वर्षानुवर्षं याच फरकावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘का’ने सुरू होणारे मोघम प्रश्न माणसाला खाली ओढतात आणि ‘कसं’ने सुरू होणारे नेमके प्रश्न बाहेर काढतात. महत्त्वाचं म्हणजे ही सवय आहे, आणि सवय बदलता येते. रक्तगट बदलत नाही; रवंथ करणं सरावाने कमी होतं.

तेव्हा भुईगावच्या मुलीला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर तिच्याकडे साधन आहे. इंटर्नशिपमधला सर्वांत वाईट दिवस तिने आठवावा. त्या दिवशी हात थरथरले की नाही याला फारसा अर्थ नाही. हात सगळ्यांचेच थरथरतात. बघायचं ते पुढचे तीन-चार दिवस. झोप आली का? जेवण गेलं का? घरच्यांवर विनाकारण चिडचिड झाली का? कोणाला सांगितलं, की ‘काही नाही’ म्हणून खोलीचं दार लावून घेतलं? चौथ्या दिवशी वाडीत वारा सुटला तेव्हा तो जाणवला का? सुरुवातीचे काही दिवस प्रसंग डोळ्यांपुढे येणं, दचकणं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. तेवढ्यावरून ‘मी या कामाची नाही’ असा निकाल लावायला नको. महिना उलटूनही ते तसंच असेल, तर मात्र ते सांगायची, उपचार घ्यायची गोष्ट आहे.

असा दिवसच आला नसेल, तर तो शोधता येतो. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉससारख्या संस्थांचा प्रथमोपचाराचा वर्ग करून सुरुवात करावी. त्यातून हातांना काम येतं आणि काम येणाऱ्या हातांमागचं मन कमी घाबरतं, कारण कृती सवयीची झाली की विचार करायला जागा उरते. किनाऱ्यावरच्या त्या रविवारचंच उदाहरण घ्या. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. बुडालेल्याचं पोट दाबण्यात, त्याला उलटं धरण्यात ही मिनिटं वाया जातात. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि लगेच छाती दाबायला लागायचं, हे ज्याने पुतळ्यावर पन्नास वेळा केलं आहे त्याला गर्दीत काय करू हे विचारावं लागत नाही. त्यानंतर एखाद्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रीतसर परवानगी घेऊन काही रात्री उभं राहावं. एक रात्र पुरत नाही. पहिल्या रात्री उत्साहच इतका असतो की काही कळत नाही. आठवडाभर जावं, आणि घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहाव्यात. महिन्याने त्या वाचल्या की मन ‘का’ विचारतं की ‘कसं’, हे आपल्याच अक्षरात दिसतं.

जुनी जखम

या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांच्या मागे असा एखादा रविवार असतो. कोणाचा भाऊ दुचाकीवरून गेलेला असतो, कोणाच्या वडिलांना वेळेवर गाडी मिळालेली नसते. अशी प्रेरणा खोटी नसते, पण ती तपासून घ्यावी लागते. दुःख ताजं असेल तर थांबावं. पहिल्याच महिन्यात तशाच वयाचा, तसाच शर्ट घातलेला मुलगा स्ट्रेचरवर समोर येणार आहे, आणि त्या वेळी उपचार त्याच्यावर करायचे असतात, भावावर नाही.

त्या मुलीचा रविवार तिला सोडत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे इथे महत्त्वाचं. कधीतरी आठवतो, वाईट वाटतं, ती कूस बदलते आणि झोपते. संध्याकाळी त्याच किनाऱ्यावर फिरायलाही जाते. असं असेल तर ती आठवण आहे, आणि आठवण बाळगून काम करता येतं. पण तो प्रसंग आत्ता घडतोय तसा आवाजासकट येत असेल, अंगाला घाम सुटत असेल, ती दहा वर्षांत भुईगावच्या वाळूवर उतरलीच नसेल आणि दार आपटलं तरी दचकत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी उपचारपद्धती या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. उपचार घेतलेला माणूस आपत्कालीन सेवेत जाऊ शकत नाही असं मुळीच नाही. उपचार न घेता, तिथे गेल्यावर आपोआप बरं वाटेल या आशेने जाणं हे धोक्याचं.

संस्थेची परीक्षा

आतापर्यंतचे सगळे प्रश्न उमेदवाराला होते. काही प्रश्न उमेदवाराने नोकरी देणाऱ्याला विचारायचे असतात, आणि आपल्याकडे नोकरी मागायला गेलेला माणूस ते विचारत नाही. सलग किती तासांची ड्युटी? रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते का? वाईट केसनंतर लगेच पुढच्या फोनला जावं लागतं, की वीस मिनिटं थांबता येतं? सुरुवातीचे आठवडे कोणी अनुभवी माणूस सोबत असतो का? रात्री काही अडलं तर सल्ला कोणाला विचारायचा? माणूस थकला की त्याची चूक होते आणि चूक झाली की रवंथ सुरू होतं. मनाची ताकद ही अशी बरीचशी ड्युटीच्या तक्त्यावर ठरते. इंग्लंडमध्येच आपत्कालीन कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले मनोबल वाढवण्याचे गटवर्ग पुढे चाचणीत तपासले गेले, तेव्हा नुसती ऑनलाइन माहिती वाचायला दिलेल्यांपेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसला नाही. कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सभागृहात बसवून ‘खंबीर राहा’ असं व्याख्यान देणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आणखी एक चांगल्या हेतूची चूक जगभर झाली. जेफ्री मिचेल या अमेरिकी माजी अग्निशमन कर्मचाऱ्याने १९८३ मध्ये अशी पद्धत मांडली की मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना लवकरात लवकर एकत्र बसवून काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं. ती लोकप्रिय झाली. पुढे अपघातग्रस्तांवर चाचण्या झाल्या तेव्हा असं एकदाच घेतलेलं सत्र तणावविकार टाळत नाही, आणि काहींचा त्रास त्याने वाढतो, असं दिसलं. ज्याला बोलायचं नाही त्याच्याकडून वदवून घेणं म्हणजे खपली काढणं. आता सल्ला साधा आहे. माणसाला सुरक्षित जागी बसवा, पाणी-चहा द्या, घरी फोन लावून द्या, झोपू द्या. बोलायचं असेल तर ऐका. रात्रीच्या केसनंतर चहाच्या टपरीवर चालक आणि डॉक्टर शेजारी उभे राहतात आणि चालक फक्त ‘बिस्कीट घ्या मॅडम’ म्हणतो, त्यात यातलं बरंच काही येऊन जातं. रुग्णवाहिकेचा चालक जे पाहतो ते डॉक्टरपेक्षा कमी नसतं, आणि त्याच्या मनाची चौकशी तर कोणीच करत नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

एक गोष्ट मात्र आधी शिकून घेता येते: मृत्यूची बातमी सांगणं. मराठीत आपण ‘गेले’, ‘आता राहिले नाहीत’, ‘देवाज्ञा झाली’ असं म्हणतो. घाबरलेल्या कानांना ‘गेले’ म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात गेले असंही ऐकू येतं. स्वतःचं नाव सांगून, शक्य असेल तर नातेवाइकांना बसवून, ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ हे शब्द स्पष्ट उच्चारायचे आणि मग गप्प राहायचं, असं प्रशिक्षणात शिकवतात. हे वाक्य घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहावं. ज्याला ते पहिल्यांदा जमत नाही तो सामान्य माणूस आहे. वीस वेळा म्हटल्यावर जमतं. ते वाक्य म्हटल्यानंतरची शांतता मात्र आरशासमोर कळत नाही.

भुईगावची मुलगी कदाचित हो म्हणेल. मग तिने सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा काढावा, आणि पुढेही काढत राहावा. रुग्ण ‘तो बेड’, ‘ती केस’ होऊ लागले, सुट्टीच्या दिवशीही सायरन ऐकू येऊ लागला, झोपेसाठी गोळी किंवा पेला लागू लागला, तर बदली मागावी, काही काळ काम बदलावं. ती नाही म्हणाली, तरी दवाखान्यात बसून किनाऱ्यावरच्या पोरांना छाती दाबायला शिकवता येईल. भुईगावला त्याचीही गरज आहे.

आणि हो म्हणाली तर एक बारीकसं ठरवून ठेवावं लागेल. सकाळी रात्रपाळी संपवून ती घरी येईल, बूट दाराबाहेर काढेल. आई चुलीपाशी असेल. ‘कशी गेली रात्र?’ या प्रश्नाला ‘ठीक’ म्हणून आत जायचं, की ‘आज एक लहान मूल होतं, आई’ असं म्हणून दोन मिनिटं पायरीवर बसायचं, हे घरात आधीच बोलून घेतलेलं असावं. म्हणजे आईलाही कळेल की अशा वेळी पुढचं काही विचारायचं नाही. ‘जेवतेस, की आधी झोपतेस?’ एवढंच विचारायचं.